मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसायचं तर: मीठ कोणतं, पाणी किती गरम, वेळ किती

बादलीभर गरम पाण्यात मूठभर मीठ टाकायचं, हाताने ढवळायचं आणि तांब्यातांब्याने अंगावर घ्यायचं, अशी मिठाची आंघोळ घरोघरी चालते. चूक इथेच सुरू होते. अंगावर ओतलेलं पाणी दोन-तीन सेकंदांत निथळून मोरीत जातं. तेवढ्या वेळात ना स्नायूंना ऊब पोचते, ना टाचेची कातडी मऊ पडते. उरतो तो केसांतला चिकटपणा आणि नळाच्या तोटीवरचे पांढरे डाग.

मिठाच्या पाण्यात बुडून राहावं लागतं. थकलेल्या पायांना, ताठरलेल्या पोटऱ्यांना जो आराम पडतो तो मुख्यतः योग्य तापमानाच्या पाण्यात पुरेसा वेळ राहिल्याने पडतो. उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि स्नायू सैल होतात. मीठ दुय्यम आहे. त्वचेतून भरपूर मॅग्नेशियम शरीरात शिरतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण त्वचेचा वरचा थर क्षारांना सहजासहजी आत येऊ देत नाही. म्हणून आधी तापमानाकडे बघायचं, मग वेळेकडे आणि शेवटी मिठाकडे. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो: महागडं मीठ आणतात आणि पाण्याचं तापमान अंदाजाने ठरवतात.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत बाथटब नसतो, आणि त्याची गरजही नाही. दहा लिटर पाणी आणि एक प्लास्टिकचा टब पुरतो. म्हणून इथे मुख्यतः पायांची पद्धत दिली आहे. टब असलेल्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

## मीठ फोडण्याआधी: कोणी बसू नये

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. गरम पाण्याने होणारे बहुतेक अपघात इथे न थांबल्यामुळे होतात.

मधुमेह. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होते आणि ती कमी झाल्याचं माणसाला कळतही नाही. पाणी पोळतंय हे न कळल्याने फोड येतात, ते चिघळतात आणि महिनोन्महिने भरून येत नाहीत. शिवाय भिजवल्याने कातडी नंतर कोरडी पडून भेगा वाढतात. मधुमेह असेल तर पाय भिजवत बसू नका. कोमट पाण्याने धुवा, पुसा, तेल लावा, एवढंच. घरातल्या मधुमेही माणसाची जाणीव तपासायची असेल तर त्यांना डोळे मिटून बसायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एकेक करून हलकेच बोट टेकवा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवायची वेळ आली आहे.

उघडी जखम, भाजलेलं, पिकलेलं, लाल होऊन गरम लागणारं काहीही. भिजवलं की जंतूंचं फावतं.

एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं. शिरेत रक्ताची गाठ झाल्याचं हे लक्षण असू शकतं. शेकू नका, चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताजी मुरगळ. पहिले दोन दिवस गरम पाणी नको, त्याने सूज वाढते. तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. गरम पाण्याची वेळ नंतर येते.

रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार. डॉक्टरांना विचारूनच बसा. गरम पाण्याने रक्तदाब उतरतो, त्यात गोळीचा परिणाम मिळाला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. शरीरातलं जादा मॅग्नेशियम मूत्रपिंड बाहेर टाकतं, त्यामुळे ते अधू असेल तर एप्सम मिठाच्या (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच्या) वाटेला न गेलेलंच बरं.

गरोदरपण. गरम टबात बसणं टाळा. पाय सोडायचे असतील तर पाणी कोमट ठेवा, दहा मिनिटांत उठा, आणि आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

## टप्पा १: मीठ निवडा

चार-पाच पदार्थ एकमेकांत मिसळले जातात, ते आधी वेगळे करू.

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. नावात मीठ असलं तरी खायच्या मिठाशी त्याचा संबंध नाही. मेडिकलमध्ये मिळतं. पुडीवर मॅग्नेशियम सल्फेट हे नाव आणि त्यापुढे ‘आयपी’ ही अक्षरं बघा. ती औषधी प्रतीची खूण आहे. चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात धरा: कण लांबट, सुईच्या जाड तुकड्यासारखे आणि काचेसारखे पारदर्शक दिसतात. खायच्या मिठाचे कण चौकोनी असतात. पुडी बरेच दिवस उघडी राहिली तर कणांतलं पाणी उडून ते पांढरट, पिठूळ होतात. ते चालतात, फक्त वजन करून घ्या, कारण चमच्याचं माप तेव्हा चुकतं.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट हे खत आहे. रासायनिक नाव तेच आणि किंमत कितीतरी कमी, म्हणून मोह होतो. पण ते पिकांसाठी बनवलेलं असतं, कातडीसाठी शुद्ध केलेलं नसतं. ते द्राक्षबागेतच राहू द्या.

खडेमीठ म्हणजे समुद्राचं जाडं मीठ, आपल्या मिठागरांतलं. स्वस्त, आणि पाय शेकायला पूर्ण चांगलं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यात वाळू आणि चिखलाचे कण असतात, म्हणून ते विरघळवून गाळूनच वापरायचं. आणि त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं.

सैंधव हेही मूळचं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाच्या अंशाने येतो. पायांच्या दृष्टीने खडेमीठ आणि सैंधव यांत सांगण्यासारखा फरक नाही, खिशाच्या दृष्टीने आहे. घरात असेल तर वापरा, मुद्दाम आणू नका.

हे वापरू नका: धुण्याचा सोडा (कातडी जाळतो, आणि खायच्या सोड्याच्या जागी चुकून हाच पडतो), तुरटी (कातडी आवळून कोरडी करते), पादेलोण (गंधकाचा वास टबातून आणि पायांतून लवकर जात नाही), आणि भडक रंगाचे, उग्र वासाचे बाथ सॉल्ट.

*तपासा: पुडीवर एकच घटक लिहिलेला आहे ना? रंग, सुगंध, फेस अशी यादी वाढत गेली तर ती पुडी बाजूला ठेवा.*

## टप्पा २: भांडं आणि जागा

टब प्लास्टिकचाच घ्या. साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर तळाचा आणि निदान १५ सेंटिमीटर खोल. त्यात दहा लिटर पाण्याची पातळी आठेक सेंटिमीटर येते. पाय ठेवले की ती वर चढते आणि घोटे बुडतात. गोल बादलीत दोन्ही पाय कोंबून बसू नका: तळवे सपाट टेकत नाहीत आणि पोटरीला पेटके येतात.

लोखंडी घमेलं, अॅल्युमिनियमचं पातेलं, तांब्याचं घंगाळ यांपैकी काहीही नको. मीठ धातू खातं. स्टीलच्या टोपातही मीठपाणी तासन्‌तास राहिलं तर बारीक खड्डे पडतात.

खुर्ची पाठ असलेली आणि न हलणारी हवी. गुडघे काटकोनात यावेत इतकीच उंच. उंच स्टुलावर बसलं की मांडीच्या मागच्या बाजूला कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. टबाखाली जुना टॉवेल अंथरा, उजव्या हाताला पंचा, पिण्याच्या पाण्याचा पेला आणि तेलाची बाटली ठेवा. ओल्या पायांनी उठून काही आणायला जावं लागलं की घसरणं आलंच. जागा शक्यतो हॉलमध्ये किंवा गॅलरीत निवडा, बाथरूममध्ये नको.

सावधान: गॅस गिझर. बाथरूमच्या आत गॅस गिझर चालू ठेवून, दार-खिडकी लावून वीस मिनिटं आत बसणं जिवावर बेततं. जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गुंगी येते आणि माणूस उठायच्या आत पडतो. पाणी काढून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि बसायला बाहेर या.

सावधान: रॉड. मीठ घातलेल्या पाण्यात हिटरचा रॉड कधीही सोडू नका. साध्या पाण्यातूनही वीज वाहते, मिठाच्या पाण्यातून ती कितीतरी सहज वाहते. पाणी साधं तापवायचं, बटण बंद करून प्लग काढायचा, रॉड बाहेर काढायचा, त्यानंतरच पाण्याला हात लावायचा. बंबात किंवा गिझरमध्येही मीठ जाता कामा नये.

## टप्पा ३: आधी पाय धुवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच उलटा करतात. आधी मिठात बसतात आणि त्याच पाण्यात साबण लावतात. एप्सम मिठाच्या पाण्यात साबण गेला की दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे कण तरंगतात आणि टबाच्या कडेला राखाडी वळ बसतो. मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा पदार्थ तयार होतो, तो हा चोथा. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचंही कारण असंच. हा चोथा कातडीवरही बसतो आणि सुकल्यावर खाजतो.

म्हणून साध्या पाण्याने, साबणाने पाय धुवा. बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवा, साबण पूर्ण काढा. अंगाला तेल लावून अभ्यंग केलं असेल तर तळव्यांचं तेल साबणाने घालवून मगच टबात पाय ठेवा. तेलकट तळवा आणि ओलं प्लास्टिक एकत्र आले की तोल गेलाच.

पाय धुताना नीट बघून घ्या. भेगेतून रक्त येतंय का, बोटांच्या बेचक्यात पांढरं होऊन सोललंय का, नखाच्या कोपऱ्यात ठणकतंय का. यातलं काही असेल तर आजचं बसणं रद्द.

## टप्पा ४: पाणी जमवा

लक्ष्य ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. वयस्कर माणसांसाठी ३७. चाळिसाच्या वर जायचं नाही. ‘जितकं गरम तितका आराम’ हा समज चुकीचा आहे. जास्त गरम पाण्याने कातडीवरचं नैसर्गिक तेल जातं, पाय लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी भेगा अधिक उघडतात.

आधी टबात गार पाणी, मग त्यात गरम, हा क्रम मोडू नका. गरम आधी ओतलं आणि मध्येच फोन वाजला किंवा दारात कुणी आलं, तर लहान मूल त्यात हात घालतं.

दहा लिटर पाणी ३९ अंशांवर आणण्याची मापं अशी:

नळाचं पाणी २५ अंशांचं आणि गिझरचं ६० अंशांचं असेल तर ६ लिटर गार, ४ लिटर गरम.

नळाचं २५ आणि पातेल्यात उकळून नुकतंच उतरवलेलं (सुमारे ९५) असेल तर ८ लिटर गार, २ लिटर उकळतं.

थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर उतरलं तर सव्वासात लिटर गार, पावणेतीन लिटर उकळतं.

लिटरचं माप नसेल तर दुधाची किंवा पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली गार पाण्यासाठी वापरा. उकळतं पाणी तिच्यात भरू नका, ती आकसते. त्यासाठी स्टीलचा तांब्या एकदा बाटलीने मापून ठेवा.

उकळतं पाणी टबाच्या कडेने, हळू ओता आणि लांब दांड्याच्या डावाने तळापासून ढवळा. गरम पाणी वर तरंगतं. न ढवळता वर हात लावला तर फसगत होते.

*तपासा: बाळाच्या आंघोळीचा किंवा स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपास संपते आणि गरम पाण्यात पाऱ्याचा असेल तर तो फुटतो. काहीच नसेल तर कोपर दहा सेकंद बुडवून ठेवा. ऊब जाणवली पाहिजे, चटका नाही. बोटांनी किंवा पायाने अजमावू नका. रोज कामाने राठ झालेल्या हाताला आणि टाचेच्या जाड कातडीला पाणी आहे त्यापेक्षा गार भासतं.*

## टप्पा ५: मीठ मोजा, विरघळवा, गाळा

दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम एप्सम मीठ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. काटा नसेल तर १५ मिलीच्या मापाचे सात सपाट चमचे. खडेमीठ किंवा सैंधव घ्यायचं असेल तर ९० ग्रॅम. तेवढ्याने पाण्याचा खारटपणा सलाइनच्या बाटलीइतका होतो आणि कातडीला झोंबत नाही. एप्सम आणि खडेमीठ दोन्ही एकत्र घालून काही साधत नाही. कोणतं तरी एक घ्या.

अर्धा किलोची पुडी एका वेळी रिकामी केल्याने गुण पाचपट येत नाही. दाट मीठपाणी कातडीतलं पाणी ओढून घेतं. बाहेर आल्यावर पाय ताणल्यासारखे वाटतात, रात्री खाज येते, आणि भेग असेल तर आग होते.

मीठ सरळ टबात टाकू नका. तळाशी न विरघळलेले खडे तळव्याला टोचतात, आणि भेगाळलेल्या टाचेत एक खडा रुतला की कळतं. टबातल्याच गरम पाण्यातलं तांब्याभर मगात घ्या, मीठ त्यात ढवळा. एप्सम मीठ मिनिटभरात नाहीसं होतं आणि मगातलं पाणी किंचित गार पडतं, कारण विरघळताना ते पाण्यातली उष्णता घेतं. तेव्हा काही बिघडलंय असं समजू नका. खडेमीठ तीन-चार मिनिटं घेतं. ते विरघळल्यावर चहाच्या गाळणीवर पातळ फडकं ठेवून टबात गाळून घ्या. फडक्यावर राहिलेली करडी रेती बघितली की गाळायचं का ते समजतं.

*तपासा: सगळं मिसळल्यावर पुन्हा एकदा तापमान बघा. टबाचा तळ स्पष्ट दिसला पाहिजे.*

सुगंधी तेल घालायचंच असेल तर ते पाण्यात थेंबथेंब टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, तवंग होऊन एकाच ठिकाणी कातडीला लागतं आणि पोळल्यासारखे चट्टे उठतात. मीठ ते तेल पाण्यात मिसळवतं हा समजही खोटा. नंतर लावायच्या खोबरेल तेलात एखादा थेंब घाला, वास तेवढाच येतो.

## टप्पा ६: बसा

पेलाभर पाणी पिऊन बसा. जेवण झालं असेल तर तासभर जाऊ द्या.

आधी एक पाय, पाच सेकंद थांबा, मग दुसरा. वेळ १५ मिनिटं. मोबाइलवर गजर लावा, कारण गप्पांत अर्धा तास कधी होतो ते कळत नाही. वीस मिनिटांनंतर फायदा वाढत नाही, कातडी मात्र फुगून पांढरी पडते आणि अशी कातडी सहज सोलवटते.

नुसतं बसू नका. पहिली पाच मिनिटं पाय स्थिर ठेवा. मग बोटं आवळा आणि सोडा, दहा वेळा. घोटे दोन्ही बाजूंनी फिरवा. पंजा गुडघ्याकडे ओढून पाच सेकंद धरा. उबेने सैल झालेला स्नायू या वेळी चांगला ताणला जातो. दिवसभर उभं राहणाऱ्यांना, म्हणजे दुकानात, वर्गात, ओट्यापाशी, या पाच मिनिटांचा उपयोग मिठापेक्षा जास्त होतो.

दहा लिटर पाणी लवकर निवतं. दहाव्या मिनिटाला ते ३६ अंशांवर आलेलं असू शकतं. त्यासाठी ७० अंशांचं एक लिटर पाणी थर्मासमध्ये आधीच भरून ठेवा. पाय बाहेर काढा, मग गरम पाणी ओता, ढवळा, कोपराने तपासा, मगच पाय परत ठेवा. एवढ्याने पाणी तीनेक अंशांनी चढतं. पाय टबात असताना वरून गरम पाणी ओतून घेणं ही भाजण्याची सगळ्यात नेहमीची तऱ्हा.

थांबा आणि पाय बाहेर काढा: छातीत धडधड, डोकं हलकं होणं, मळमळ, किंवा पायांवर लाल चट्टे आणि आग. लगेच उभं राहू नका. पाय जमिनीवर टेकून बसून राहा, पाणी प्या.

पाणी गढूळ झालं म्हणजे विष बाहेर पडलं असं नाही. तो मळ आणि मेलेली कातडी असते. पाय टाकले की पाणी तपकिरी करणारी यंत्रंही मिळतात. त्यांतला रंग यंत्रातल्या धातूच्या पट्टीला मीठपाण्यात गंज चढल्याने येतो. पाय न घालता चालवलं तरी पाणी तपकिरी होतं.

## टप्पा ७: धुणं, पुसणं, तेल

पंधरा मिनिटं नीट बसून इथे घाई केली तर टाचा आधीपेक्षा जास्त फुटतात.

साध्या कोमट पाण्याचा एक तांब्या प्रत्येक पायावर ओता. मीठ कातडीवर सुकू दिलं की ते ओलावा खेचत राहतं. मग पंच्याने टिपून घ्या, खसाखसा घासू नका. बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करा. चिखल्या तिथेच सुरू होतात आणि मिठाने बुरशी मरत नाही.

टाचेची राठ कातडी काढायची असेल तर हीच वेळ. वज्री किंवा मऊ खवणी एकाच दिशेने, हलक्या हाताने, प्रत्येक टाचेला आठ-दहा वेळा. एका बैठकीत टाच गुळगुळीत करायचा हट्ट धरू नका. ब्लेड तर मुळीच नको.

मग तीन मिनिटांच्या आत, कातडी किंचित ओलसर असतानाच, टाचांना आणि तळव्यांना स्निग्ध काहीतरी लावा. पाण्याने आत शिरलेला ओलावा त्याने कोंडून राहतो. खोबरेल चालतं, पण पातळ असल्याने ते लवकर पुसलं जातं. भेगा असतील तर व्हॅसलिन किंवा कोकमाचं घट्ट तेल, कोकणातलं मुठेल, हे जास्त टिकतं. मुठेलाचा तुकडा चमच्यात घेऊन मंद आचेवर वितळवा, कोमट झालं की भेगेत भरा आणि सुती मोजे घालून झोपा. बोटांच्या बेचक्यांत काही लावू नका. तेल लावलेल्या पायांनी फरशीवर चालायचं नाही. मोजे किंवा न घसरणाऱ्या चपला जवळच असू द्या.

आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज केलं की कातडी कोरडी पडते.

## टप्पा ८: आवरणं

पाणी मोरीत ओता आणि वरून बादलीभर साधं पाणी सोडा, नाहीतर फरशीच्या फटींत मीठ सुकून पांढरी रेघ उमटते. कुंडीत किंवा तुळशीत ओतू नका. खडेमिठाच्या पाण्याने झाड जळतं. एप्समचं पाणी झाडाला चांगलं असं ऐकिवात असलं तरी इतकं दाट नको, त्यात पायाचा मळ असतो तो वेगळाच.

टब धुऊन उपडा ठेवा. उरलेलं मीठ झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत, नाव लिहून, स्वयंपाकघराबाहेर ठेवा. एप्सम मीठ साखरेसारखं दिसतं. पोटात गेलं की जुलाब होतात, आणि लहान मुलाच्या पोटात जास्त गेलं तर थेट इस्पितळ.

## घरात बाथटब असेल तर

पायऱ्या त्याच, मापं वेगळी. १५० लिटर पाण्याला ३०० ते ५०० ग्रॅम एप्सम मीठ, तापमान ३७ ते ३८, वेळ १५ मिनिटं. पाणी छातीच्या खाली.

इथे अडतं ते गरम पाण्याशी. नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं तर १५० लिटर पाणी ३८ वर आणायला ६० अंशांचं सुमारे ५६ लिटर लागतं. २५ लिटरचा गिझर दोनदा भरून तापला तरी कमी पडतो, आणि दुसरी खेप तापेपर्यंत पहिली निवते. मग लोक वैतागून गार पाण्यात मीठ टाकून बसतात. त्यापेक्षा टब ८० लिटरपर्यंतच भरा. त्याला ३० लिटर गरम पाणी पुरतं. मीठ त्या मानाने २०० ग्रॅम. सोलरचं पाणी असेल तर प्रश्न नाही, पण दुपारचं सोलरचं पाणी गिझरपेक्षाही गरम असू शकतं, म्हणून इथेही आधी गार.

फवाऱ्यांच्या टबात मीठ घालण्याआधी त्याची पुस्तिका बघा. पंपात आणि नळ्यांत क्षार साचतात. टबातून उठताना आधी पाणी सोडून द्या, मिनिटभर बसून राहा, कठडा धरून उठा. घरी एकटे असाल तर आतून कडी लावू नका. दारू घेतली असेल तर टबात उतरू नका.

## कटिस्नान

मूळव्याध किंवा बाळंतपणातले टाके यांसाठी डॉक्टर कमरेपुरतं कोमट पाण्यात बसायला सांगतात. त्यात मीठ घालायची गरज नसते, नुसतं स्वच्छ कोमट पाणी काम करतं. कमोडवर बसणारं प्लास्टिकचं भांडं मेडिकलमध्ये मिळतं. दहा-पंधरा मिनिटं बसा, टिपून कोरडं करा. पाण्यात काय घालायचं ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. जंतुनाशकाचं झाकण अंदाजाने ओतू नका.

## अडलं तर

पाण्यात पाय घालताच आग झाली. डोळ्याला न दिसणारी भेग आहे किंवा मीठ जास्त झालं. पाय काढून साध्या पाण्याने धुवा. पुढच्या वेळी मीठ निम्मं, आणि तरी आग झाली तर नुसतं कोमट पाणी.

दुसऱ्या दिवशी टाचा जास्तच फुटल्या. पाणी गरम होतं, वेळ जास्त झाला किंवा तेल उशिरा लावलं. सहसा तिसरं कारण सापडतं.

नखं पिवळी, जाड झाली आहेत आणि भिजवून सुधारत नाहीत. ती बहुधा बुरशी आहे. तिला त्वचारोगतज्ज्ञांचं औषध लागतं, महिनोन्महिने. भिजवणं थांबवा.

बोअरचं पाणी, टबात पांढरा थर. पाणी तापवलं की त्यातला चुना तळाशी बसतो, त्याचा मिठाशी संबंध नाही. वरचं नितळ पाणी ओतून घ्या. थर व्हिनेगर लावून घासला की निघतो.

पावसाळ्यात मीठ दगड झालं. एप्समचा गोळा फडक्यात बांधून लाटण्याने फोडा आणि वजन करून वापरा. खडेमिठाला पाणी सुटलं असेल तर त्यातला मिठाचा अंश वजनावरून कळत नाही. ते परातीत पसरून उन्हात पूर्ण वाळू द्या, मगच काट्यावर घ्या.